आला की घेणे

४ जून

भाऊजी,

अकरा वर्षांनी वहिनीचं पत्र आलं म्हणून घाबरू नका. सगळे जिवंत आहेत. हेही, मीही. फक्त कॉम्प्युटरचं काही खरं दिसत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमचा पत्ता तुमच्या वजनकाट्यांच्या कंपनीत फोन करून मिळवला. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?" तर माझ्या तोंडून "वहिनी" निघता निघेना. शेवटी म्हटलं, माझा काटा बिघडलाय, दुरुस्त करायचाय. हसू नका.

मुद्द्यावर येते. कॉम्प्युटरच्या बाजूची ती पेटी, तुमच्या भाषेत हार्ड डिस्क, सकाळी सुरू करताना विव्हळते. हे म्हणतात, "म्हातारी झाली, कुरकुरणारच. तू नाही का कुरकुरत?" आणि तिला एक थाप मारतात. थापेला ती ऐकते हे खरं. पण मार्चमध्ये एका थापेत भागायचं, आता चार लागतात.

सोळाशेच्या वर माणसांचे पाय आहेत हो तिच्यात. तुमच्या आखूड पायासाठी यांनी पहिला उंच टाचेचा बूट केला, तेव्हापासून हाच धंदा. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत त्यांचे बूट. कुणाचा डावा पाय अठरा मिलिमीटर आखूड, कुणाची टाच आत वळलेली. लोक नुसता फोन करतात, "चारशे बारा नंबर, काळे," आणि हे पडद्यावर बघून कातडं कापायला घेतात. गेल्या वेळी पेटी गेली तेव्हा एकेकाला बोलावून पुन्हा मापं घ्यायला यांना सहा वर्षं लागली. आता वय अडुसष्ट. माप घ्यायला वाकतात ते ठीक, उठायला माझा हात लागतो. पुन्हा सहा वर्षं यांच्याकडे आहेत की नाहीत, मला सांगा.

नवा कॉम्प्युटर घ्या म्हटलं तर म्हणतात, त्या मापांचा प्रोग्राम मी लिहिलाय, नव्याला माझी भाषा कळत नाही. फ्लॉपीची खाच पाच वर्षांपूर्वीच मेली. मी दुपारी हे जेवून पडले की वहीत हाताने उतरवायला घेतलंय, शेवटून, कारण जुन्यांतले बरेचजण आता बुटांच्या पलीकडे गेले. दोनशे बारा झाले, मग लक्षात आलं की माझा एक आणि सात सारखाच दिसतो. सात मिलिमीटरच्या जागी एक धरला तर माणूस रस्त्यात कोलमडेल. वही कपाटात टाकली.

यांच्यासमोर तुमचं नाव निघत नाही. पण या यंत्रातलं कळणारा माणूस मला एकच माहीत आहे. काय बसवायचं, कुठून आणायचं, तेवढं सांगा. उत्तर दुकानावर नको, समोरच्या शिंपीणकाकूंच्या नावावर पाठवा. पोस्टमनला काय वाटायचं ते वाटू दे.

हे उठले वाटतं. थांबते.

वहिनी

ता.क. सहज विचारते. पेटी चालू असताना ती कुणी उचलून दुसरीकडे ठेवली तर काही होतं का? कुणीतरी विचारत होतं.


१५ जून

वहिनी,

ऑफिसातल्या बाई चार वेळा विचारून गेल्या, "त्या काटेवाल्या बाईंचं काम झालं का?" तेव्हा काय तो निकाल लावून टाकतो.

दुकानदारांना आधी सांगा, थाप मारणं बंद करा. सांगता येत नसेल तर त्यांचा हात धरा. चार थापांवर आलेली पेटी पाचवीला परत उठत नाही.

आता काय बसवायचं ते. एक म्हणजे त्याच जातीची जुनी पेटी शोधायची. मिळते. पण तीही तुमच्या पेटीएवढीच म्हातारी, म्हणजे आजारी माणसाला दुसऱ्या आजारी माणसाचं मूत्रपिंड. मी ते करणार नाही. अलीकडच्या काळातली फिरणारी डिस्क लावता येईल, मधे एक दुभाष्या बोर्ड घालून. ती तापते, आणि तुमच्या यंत्राच्या जुन्या वीजपुरवठ्याला तिची भूक झेपेल का याची मला खात्री नाही. तिसरी गोष्ट म्हणजे मोबाइलमध्ये असतं तसलं नखाएवढं कार्ड. फिरत नाही, झिजत नाही, विव्हळत नाही. तुमची पेटी वीस मेगाबाइटची. बाजारातलं सगळ्यात लहान कार्डही तिच्या शेकडो पट. सोळाशे पाय त्यात एका कोपऱ्यात बसतील आणि उरलेल्या जागेत सगळं शहर अनवाणी झोपेल.

माझं मत कार्ड. फक्त एक अडचण आहे. कार्डाला आवाज नसतो. सकाळी यंत्र सुरू केलं की शांत. तुमच्या माणसाला पहिल्याच दिवशी कळेल की कुणीतरी हात लावलाय. मग घरात काय होतं ते तुम्ही एकदा पाहिलंय.

आवाज नेमका कसा येतो ते लिहा. विव्हळणं वेगळं आणि टकटक वेगळं. टकटक असेल तर माझं पत्र वाचून संपवायच्या आत यंत्र बंद करा.

तुमच्या त्या 'कुणीतरी'साठी. पेटीत एक तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर केसाहून कमी अंतरावर एक सुई तरंगते. टेकत नाही. चालू असताना पेटी उचलून दणकन ठेवली की सुई तबकडीवर आपटते आणि खरवडत जाते. जिथे खरवडलं तिथली माणसं गेली. म्हणून हलवायच्या आधी 'पार्क' अशी आज्ञा द्यायची असते. सुई बाजूला जाऊन उभी राहते. मग बटण बंद, मग हात लावायचा. असं न करता जो पेटी उचलतो तो माणूस नव्हे, नांगर आहे. सांगा त्याला.

मी


२१ जून

भाऊजी,

नांगर वाचला आणि शिंपीणकाकूंकडे पाणी मागितलं. त्या म्हणाल्या, "दिराचं पत्र आहे की कोर्टाचं?"

आवाज लिहिते. आधी कुईं, जसं लहान मूल रडायला सुरुवात करतं तसं. मग खरखर. टकटक नाही. मी कान लावून ऐकलं, हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "काय ऐकतेस?" म्हटलं, कुरकुर कशी करतात ते शिकतेय. हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

तुम्ही कार्ड म्हणता, मला पटतं. पण माझा जीव म्हणतो जुनीच बघा. होतं तसंच दिसावं, होता तसाच आवाज यावा, यांना काही कळू नये. दोन वर्षं टिकली तरी पुष्कळ. मला माहीत आहे हे मूर्खपणाचं आहे. काल दिवसभर मी हेच करत होते, कार्ड, नको जुनी, नको कार्ड. चपलांच्या दुकानात शिरलेल्या बाईसारखं झालं माझं.

परवा एक खणखणीत आवाजाच्या मुख्याध्यापिका आल्या होत्या, नंबर सहाशे सदतीस. नवा बूट घालून दुकानात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, काठी माझ्या हातात देऊन. दारापाशी जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "मी आता मोठ्या सभागृहाच्या पायऱ्या चढून दाखवते." हे तिथेच जमिनीवर बसलेले. एवढे खूश होते की त्यांना उठवायचं मी विसरले. ती मापं जायला नकोत, भाऊजी. तेवढंच मला हवंय. नाही, तेवढंच नाही.

एक विचारू? गेल्या वेळी पेटी गेली त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, तुम्ही ती उघडली होती तेव्हा नेमकं काय केलंत? मी कधी विचारलंच नाही. कुणीच विचारलं नाही. यांनी विचारलं नाही, नुसतं ठरवलं.

वहिनी


२ जुलै

वहिनी,

अकरा वर्षांनी विचारताय, आता तरी सगळं ऐका.

पेटी लहान पडत होती. मोठी बसेल का बघायला शनिवारी संध्याकाळी मी झाकण काढलं. आधी पार्क केलं होतं, बंद केलं होतं. आतली डिस्क कुठल्या जातीची ते वाचलं, धूळ होती ती फुंकली, झाकण लावलं, चार स्क्रू आवळले. पुन्हा सुरू करून बघितली, चालली. दहा मिनिटांचं काम. न विचारता केलं एवढाच गुन्हा. "माझ्या यंत्राला हात लावायचा नाही" हे वाक्य त्या घरात पाटी लावल्यासारखं होतं, मला माहीत होतं.

रविवारी दुपारी मी आलो तेव्हा दुकानदार पडद्यासमोर बसले होते आणि पडदा कोरा. पुढचं तुम्ही ऐकलंय. "तुझा पायगुणच वाईट," म्हणाले. "जिथे पाऊल टाकशील तिथे खोट."

कातड्याच्या त्या वासात, भिंतीवर हजार लोकांच्या पायांचे लाकडी साचे टांगलेले, आणि त्या माणसाने माझ्या पायाकडे बघून हे म्हटलं. दुसरं काहीही बोलले असते तर मी भांडलो असतो. थोबाडीत खाल्ली असती. या वाक्यानंतर मला तिथे उभंच राहता येईना.

खरं सांगू का, त्याहून वाईट काय ते? मला वाटत राहिलं की माझ्याकडूनच झालं असेल. फुंकर मारली तेव्हा एखादा कण आत गेला असेल. स्क्रू आवळताना कुठे ताण आला असेल. दोन वर्षं मी हार्ड डिस्कला हात लावला नाही, काटेच दुरुस्त करत बसलो. काट्याचं बरं असतं, चूक लगेच दिसते. पुढे भंगारातून अगदी तुमच्यासारखाच कॉम्प्युटर उचलून आणला आणि तशीच पेटी. तिच्यावर तशीच धूळ पाडून तशीच फुंकर मारून बघितली. चाळीस वेळा. काही होत नाही, वहिनी. ती पेटी अजून चालते. तरी पटत नाही. झोपताना वाटतं, एक्केचाळिसाव्या वेळी होईल.

असो. जुनी पेटी मी देणार नाही. शोधली तर मिळेल, पण दोन वर्षांनी हेच पत्र पुन्हा येईल आणि तेव्हा तुम्ही शेवटून नव्हे, पहिल्यापासून रडाल. कार्डच. त्याचा जोडबोर्ड मी घरी बनवतो. पण मापं कार्डावर उतरवायची तर तुमची पेटी माझ्या टेबलावर पाहिजे. पार्क करून, नीट गुंडाळून पाठवा. दुकानदारांना काय सांगायचं ते तुम्ही बघा.

घेऊन या असं म्हणत नाही. तुम्ही "तुम्हीच या" म्हणाल म्हणून आधीच सांगतो, मी येणार नाही. बुटात बाजारातला बुचाचा तुकडा घालून चालतोय, चाललंय. दर आठ महिन्यांनी तो दबतो, नवा घालतो. कमरेला काय वाटतं ते कमरेला विचारायचं नसतं.

मी


९ जुलै

भाऊजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा चाळीस वेळा फुंकर मारली तिथेच थांबले, पुढे जाता आलं नाही.

तो नांगर मीच.

आता लिहितेय तर थांबणार नाही, मधे थांबले तर हे पत्रही त्या वहीसारखं कपाटात जाईल. रविवारी सकाळी हे बाहेर गेले होते, कातडं बघायला. जाताना यंत्र चालू ठेवून गेले, "येतोच" म्हणाले. मी फरशी पुसायला घेतली. बादलीला पाय लागला आणि पाणी सगळं टेबलाखाली. वायरी खालीच लोंबत होत्या. मला शॉकची भीती, तुम्हाला माहीत आहे मी साधा बल्बही बदलत नाही. मी ती पेटी उचलली आणि शिवणयंत्राशेजारच्या स्टुलावर ठेवली. ठेवली म्हणजे काय, जड लागली, हातातून निसटली. चार बोटं उंचीवरून पडली असेल. पेटीचा दिवा लागलेला होता. आतून खर्र आवाज आला. मी घाबरून बटण बंद केलं, पुसून घेतलं, पेटी जागेवर ठेवली. मला वाटलं, बंद केलं म्हणजे झालं. बंद केल्यावर काय बिघडायचंय?

दुपारी हे सुरू करायला गेले आणि पडदा कोरा. मी स्वयंपाकघरात होते, हातात सुरी. यांनी झाकणावरचे स्क्रू बघितले, नव्याने आवळलेले, ओरखडे पडलेले. म्हणाले, "याला कुणी हात लावला?" आणि तुम्ही दारातून आत आलात आणि म्हणालात, "मी काल उघडलं होतं." तुम्ही इतकं पटकन कबूल केलंत, भाऊजी! मी तोंड उघडणारच होते, तेवढ्यात यांच्या तोंडून ते वाक्य गेलं आणि तुम्ही वळलात. मला वाटलं संध्याकाळी परत याल, तेव्हा सांगेन. मग वाटलं आठ दिवसांनी याल. महिना झाल्यावर सांगायचं कसं? "महिनाभर का बोलली नाहीस?" याला उत्तर नव्हतं. वर्ष झाल्यावर तर प्रश्नच एवढा मोठा झाला की त्याच्याखाली मी दिसेनाशी झाले.

पायगुण सुनेचा काढतात. धाकट्या भावाचा कुणी काढलेला मी ऐकला नव्हता. ते बोलणं माझ्या वाट्याचं होतं, तुमच्या अंगावर पडलं, आणि मी पडू दिलं.

सहा वर्षं हे लोकांची मापं पुन्हा घेत होते तेव्हा मी कागद धरून शेजारी बसायचे. सगळ्यांना वाटायचं, बायको किती साथ देते.

म्हणून मला जुनी पेटी हवी होती. शांतता झाली की हे विचारतील, आणि विचारलं की या वेळी मी खोटं बोलू शकणार नाही, एवढीच भीती. आता समजलं ना?

तुम्ही काही केलेलं नाही. फुंकर तर अजिबात नाही. एक्केचाळिसाव्यांदा मारू नका.

वहिनी


३१ जुलै

भाऊजी,

तीन आठवडे झाले. शिंपीणकाकूंकडे रोज जाते, त्या आता लांबूनच मान हलवतात. तुम्हाला लिहू नये असं वाटलं तर नका लिहू. माझा हक्क नाही. पण पार्सल येतंय ते परत करू नका, म्हणून हे.

मी यांना सांगितलं.

गेल्या सोमवारी पेटी सुरूच झाली नाही. एक थाप, पाच, आठ. नवव्यांदा हात वर गेला तो मी धरला. म्हणाले, "सोड." म्हटलं, थाप मारून मरेल ती, आणि गेल्या वेळी मीच मारली होती. मग सगळं सांगितलं, बादलीपासून. तोवर हे जाऊन कामाला बसले होते, साच्यावर कातडं ताणून. तोंडात खिळे धरलेले, तुम्हाला आठवतं ना कसे ओठात धरतात. त्यामुळे बोलता येईना. माझं बोलून झालं तेव्हा त्यांनी एकेक खिळा तोंडातून काढला आणि टेबलावर ओळीत ठेवला. सात होते. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याला..."

थोड्या वेळाने म्हणाले, "अकरा वर्षं माझ्यासमोर जेवलीस." बस. ओरडले असते तर बरं झालं असतं. तीन दिवस दुकानात कामाशिवाय एक शब्द नाही. मुख्याध्यापिका दुरुस्तीला आल्या, त्यांनाही "ठेवून जा" एवढंच. मी ताट वाढायचे, ते ताटाकडे बघून जेवायचे.

चौथ्या दिवशी सकाळी यंत्रासमोर बसले. थाप मारली नाही. सुरू करून नुसते थांबले, बराच वेळ, आणि ती आपणहून उठली. मग त्यांनी पार्क टाइप केलं. मी मागे उभी होते. म्हणाले, "पेटी त्याच्याकडे पाठव. दुसऱ्या कुणाचा हात नको."

बांधली त्यांनीच. बुटांच्या आतला मऊ नमदा असतो ना, त्याचे तुकडे मापाने कापले, सहाही बाजूंना वेगळे. सर्वांत मोठ्या बुटाच्या खोक्यात बसवली. हलवून कानाशी धरली, हलत नाही बघून मग दोरी बांधली. चिठ्ठी घालता का विचारलं तर नाही म्हणून मान हलवली. पोस्टात मी गेले तर मागून आले, आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाले, "हे आपटायचं नाही." त्याने हो म्हटलं तरी आणखी दोनदा म्हणाले.

दुकानात आता यंत्राशेजारी मोकळी जागा आहे. फोन आला की हे सवयीने तिथे वळतात, मग गिऱ्हाइकाला सांगतात, "थोडे दिवस थांबा."

वहिनी


१८ ऑगस्ट

वहिनी,

तुमच्या कबुलीनंतर तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. पहिल्यात शिव्या होत्या, दुसऱ्यात शहाणपण, तिसऱ्यात दोन्ही. माफ केलं असं लिहायला हात वळत नाही, आणि तुमच्यावर रागावून राहीन म्हटलं तर तेही पुरतं जमत नाही. पहिले चार दिवस मी नुसता घरात फिरत होतो. चिडायचं की सुटलो म्हणून नाचायचं, ठरेना. अकरा वर्षं पत्रात मावत नाहीत. समोरासमोर भांडावं लागेल, जोरात, आणि तुम्ही मधे चहाला उठून पळायचं नाही.

पेटी पोहोचली. दोरीची गाठ सोडायला अर्धा तास गेला, ती गाठ एकच माणूस मारतो. नमद्याचे सहा तुकडे काढले आणि तो वास आला. तेवढ्यानेच माझं त्या दिवसाचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी जोडली.

सुरू झाली नाही. मी थाप मारली नाही. खिडकीतल्या उन्हात दोन तास ठेवली, अंग कोमट होईतो. मग पुन्हा जोडली. कुईं केलं तिने, तुम्ही लिहिलंत अगदी तसंच, आणि फिरायला लागली. मी तिच्यावर डोळे लावून उभाच राहिलो, हात पाठीमागे बांधून, म्हणजे कुठे लागायला नको. पाऊण तासात सगळं कार्डावर उतरलं. एकदा उतरवून भागलं नाही म्हणून दुसऱ्या कार्डावरही उतरवलं. संध्याकाळी बंद केली. सकाळी सहज सुरू करून बघितली तर नाही. ऊन दिलं, तरी नाही. तेवढं एकदाच उठायचं होतं तिला.

मापं सगळी आहेत. सोळाशे त्रेचाळीस. मुख्याध्यापिका आहेत, चारशे बारा काळे आहेत. नीट उतरलंय का बघायला मी मधूनमधून उघडून बघत होतो, आणि मग नंबर एक उघडला. पूर्वी नंबर एक मी होतो. नऊ वर्षांचा असताना दादाने माझा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेने रेघ मारली होती, गुदगुल्या झाल्या म्हणून मी पाय हलवला आणि टपली खाल्ली होती. ते माप गेल्या वेळी सगळ्यांबरोबर गेलं. आता तिथे कुणी दुसरं गिऱ्हाईक असेल म्हणून उघडलं.

आहे तसं उतरवतो:

नाव: धाकटा.
डावा:
उजवा:
शेरा: आला की घेणे.

दोन्ही पायांच्या पुढे काही नाही. नोंदीची तारीख बघितली. मी घर सोडलं त्याच्या नवव्या दिवसाची आहे. नवी पेटी लावली असेल आणि सगळ्यांत आधी हे लिहिलं असेल. तेव्हा त्याला ठाम वाटत होतं, वहिनी, की मीच सगळं घालवलं. तुमचं कुणाला काही माहीत नव्हतं. तरी एक नंबर माझाच ठेवला, आणि दोन नंबरपासून सोळाशे माणसं लिहिली.

मी खूप रडलो. कळवायला हरकत नाही.

जोडबोर्ड तयार आहे. एक बारीक गोष्ट केलीय. कार्ड वाचताना टिकटिक करणारा छोटा ठोकळा बसवलाय, जुन्या पेटीइतका मोठा आवाज नाही, पण सकाळी यंत्र उठलं हे कळेल. नको असेल तर एक वायर काढायची.

हे सगळं पोस्टाने पाठवता आलं असतं. कार्ड पाठवता येतं, बोर्ड पाठवता येतो. पाय पाठवता येत नाहीत. तीस तारखेला, शनिवारी येतो. दादाला सांगा.

धाकटा


२५ ऑगस्ट

धाकट्या,

हिने तुझं पत्र दाखवलं. शिंपिणीच्या पत्त्यावर लिहायची आता गरज नाही, दुकान जागेवरच आहे.

पत्र लिहायची सवय नाही. माप घ्यायच्या खाकी कागदावर लिहितोय, चालवून घे.

पायाचं जे बोललो ते मी बोलायला नको होतं. तू केलं असतंस तरी नको होतं. हे लिहून पुसलं जात नाही, समोर आलास की बोलेन. हिच्याशी मी काल बोललो, थोडं. तू आलास की तिला आधी रागावून घे, मग मी उरलेलं बघतो.

बुचाचा तुकडा घालून चालतोस हे वाचलं. अकरा वर्षांत कमरेचं काय केलं असशील ते दिसतंय मला इथून. आता मिलिमीटरही बदलले असतील.

शनिवारी दुकान बंद ठेवतोय. मी वाकेन, उठवायला दोघं आहात. जाड मोजे घालून येऊ नकोस, माप चुकतं.

दादा